सा येईस्तवर डोळं उघडायचं न्हाय

मामांच्या हातातला चेलोचा गज सुटला आन खाली आंथरलेल्या चादरीवर पडला, आवाज झालाच न्हाय, आन माजी चिमी डोळं मिटून गातच व्हती. मी सैपाकघराच्या दारात, हातात कडाकन्यांची परात. मला वाटलं घामानं हात वला झाला असंल, सुटला असंल, आता वाकतील आन उचलतील. ते वाकले न्हाईत. त्यांची मान चेलोच्या दांडीवर गेली, हळूच, वाजवून दमले की टेकवायचे तशीच, पन तसं टेकवायचे तवा डावा हात तारेवर असायचा. आता तो हात मांडीवरनं घसरून खाली लोंबायलता. खोलीत मानसं गच्च, दाराभायेर गल्लीतली पोरं, खिडकीत बाया, आन सगळी बघायलती चिमीकडं, कारन गानारी ती व्हती, पाच वर्साची, लाल परकर घातलेली, दोन्ही हात छातीशी धरलेली. मामांकडं कोन बघतंय. मी बघायलते. माज्या तोंडातनं हाक निगंना. परात कुटं ठेवू ते कळंना. वरडले तर पोरगी डोळं उघडंल, आन उघडलं तर तिच्यापासनं हातभरावर ते.

तितंच थांबते जरा. मला नीट सांगता येत न्हाय, आठवीतनं शाळा सुटलेली माजी, आन ह्या गोष्टीवर आले की सगळं एकदम तोंडाशी येतंय, दम लागतोय, आज बी लागतोय. आदी घर सांगते, म्हंजे मी तसं का केलं ते तुमाला कळंल. न्हायतर न्हाय कळनार.

मामा म्हंजे माजे सासरे. आमच्यात सासऱ्याला मामाच म्हनत्यात. गल्लीला ते आण्णा, चिमीला आज्जा. घर सोलापुरात, सात रस्त्याच्या मागच्या बोळात, आत दोन खोल्या आन म्होरली एक मोठी, शहाबादी फरशीची. लग्न होऊन त्या घरात आले तवा मी नुसती वयानं मोठी, मोठी झाले ती तितंच. माहेर माजं सांगोल्याकडचं, बाप-चुलते मेंढरं राखनारे, वर्सातले निम्मे महिने रानात पाल ठोकून. माज्या कानाला वारा, कुत्री आन मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा, एवढंच ठावं. आन हितं पैल्याच दिवशी माप वलांडून आत आले तर कोपऱ्यात मानसाएवढं कायतरी उभं, वरनं खालपतुर चादर गुंडाळलेलं. मला वाटलं कुनी म्हातारी हाय, तोंडावरनं चादर घेतलीय. मी जाऊन पाया पडले. सगळं घर हसलं. मामा हसले न्हाईत. म्हनाले, "बराबर केलं पोरीनं. ह्या घरात थोरलं तेच हाय. त्यानं कमवलं आन मी खाल्लं."

तो चेलो. गल्लीतली पोरं त्याला म्हैस म्हनायची. आवाज तसाच, पोटातनं येनारा, आन मामा बसायचे बी तसेच, स्टुलावर, दोन गुडघ्यांत धरून. चेलोला खाली एक लोखंडी खिळा असतोय, तो टेकवायला त्यांनी फरशीत टीचभर खळगा पाडून घेतलेला, वाद्य सरकू नये म्हनून. सकाळी वाजवायला बसले की भायेरनं कुनीतरी जाता जाता वरडायचंच, "आण्णा, धार काडली का?" मामा आतनं म्हनायचे, "आज आटलीय. चा काळाच पी."

त्यांचे वडील लग्नात बँड वाजवायचे. मामा पोरवयात मुंबईला गेले आन सिनेमाची गानी वाजवनाऱ्यांत शिरले, तितं एका म्हाताऱ्याकडनं चेलो शिकले, त्याचाच तो चेलो. "आमाला आख्खं गानं कवा मिळालंच न्हाय मंगल," मला म्हनायचे. "हितं एक ओळ, तितं दोन ओळी, मंधे गज मांडीवर ठेवून गप बसायचं. तुकडं वाजवून जलम गेला." मंग एका विजेच्या पेटीतनं सगळी वाद्यं निगायला लागली, यांना बोलावनं येईना, चेलो चादरीत गुंडाळून ते सोलापुरला आले. आन घरात बसून त्यांनी काय केलं, तर तुकडंच बनवले. ल्हान ल्हान, चा प्यायला लागतोय तेवढ्या वेळाचे. घरातल्या एकेका मानसाचा एक, त्या मानसासंगं वाजवायचा.

माजी सासू, आत्या, मी बघितलीच न्हाय, ती आदीच गेलेली. तिचा तुकडा मामा एकटे वाजवायचे, गज न घेता, तारा नुसत्या थापटून, भाकरी थापल्यासारखा आवाज. शोभावन्सं, माजी ननंद, पुन्याला शाळेत गानं शिकवत्यात, त्यांचा तुकडा फिडलीसंगं, आन तो म्हंजे भांडनच, एक फिडल किरकिर करायची आन चेलो नुसता हूं हूं म्हनायचा, मानसं हसून हसून पडायची. आमच्या यांचा तबल्यासंगं. हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टावेलच्या कारखान्यात, दिवसभर मागाच्या खडखडाटात, कान गेलेत बघा निम्मे. चेलोसारखा खालचा आवाज तर यांना येतच न्हाय नीट. म्हनून मामा वाजवताना उजव्या पायाचा अंगठा हलवायचे, आन हे त्या अंगठ्याकडं बघून तबला वाजवायचे. एकदा बी चुकले न्हाईत.

माजा तुकडा न्हवता. एकदा मामा म्हनाले, "तुला काय येतंय गं?" मी म्हनले, "मला मेंढरं वळवायला येतंय." "मंग वळव की." लाजत लाजत मी हाळी दिली, संध्याकाळी देतो ती, लांब, शेवटाला खाली उतरनारी. म्हनाले परत दे. परत दिली. मंग त्यांनी गज उचलला आन जाड तारेवर तीच हाळी काडली, अशी हुबेहूब की माज्या अंगावर काटा आला, मला बापाचं पाल दिसलं, पालाम्होरचा धूर दिसला. आन शेजारच्या अक्काची शेळी दावं वडून आमच्या उंबऱ्यात येऊन हुबी. अक्का म्हंजे शेजारची तेलगू बाई, घरात हातमाग. ती मागनं पळत आली. "काय आण्णा, माजी शेळी तुमच्या म्हशीला भुलली की वं." मामा म्हनाले, "शेळीला कळलं, मंगल. तुजा तुकडा घावला. म्होरल्या नवमीला तुजा." दर साली म्होरल्या नवमीलाच म्हनायचे. मला काय घाई न्हवती. मला ठावं का की नवम्या संपत्यात म्हनून.

माजं काम दुसरं. सोलापुरचं ऊन लाकडाला बी सोडत न्हाय, चेलोचे सांधे सुटत्यात, म्हनून भोकं पाडलेल्या साबनाच्या डबीत वला कपडा भरून ती चेलोच्या चादरीआत ठेवायची, वाळला की परत वला करायचा. गजाला राळ लावत्यात, रोज संध्याकाळी तारांवरची तिची भुकटी पुसायची. कुटल्या तारेवर किती भुकटी बसती ते मला डोळं झाकून सांगता यायचं. वाजवायचं तेवढं न्हाय. दुपारी कडक भाकरी, शेंगाची चटनी, वर तेल, असं जेवन झालं की मामा बसायचे आन मी भांडी घासायचे, आन त्या आवाजानं पितळी तांब्या मोरीत थरथरायचा. चिमी पोटात असताना जाड तार वाजली की ती आत फिरायची. झाल्यावर तर पाळना लागलाच न्हाय, चेलोच्या पायथ्याशी गोधडी टाकायची, त्यावर ती झोपायची, डोक्यावर गज हिकडनं तिकडं.

आता नवमी सांगते. खंडेनवमीला जेचं तेचं हत्यार पुजत्यात. यांच्या कारखान्यात मागाला हार घालून बंद ठेवत्यात, माज्या माहेरी लोकर काडायची कातर पुजत्यात, आमच्या घरात वाद्यं. आन पुजलं की दसऱ्याच्या सकाळपतुर त्याला हात लावायचा न्हाय. म्हनून मामांनी रीत लावलेली. आदी दुपारनं सगळ्यांनी आपापला तुकडा मामांसंगं वाजवायचा, गल्ली ऐकायला यायची. मंग वाद्यं निजवायची. निजवायची म्हंजे शेवटाला घरातल्या थोरल्यानं चेलोची जाड तार बोटानं एकदाच छेडायची. तो सा. तो सा हवेत विरून जाईस्तवर कुनी हलायचं न्हाय, टाळी न्हाय, खोकायचं बी न्हाय. ल्हान पोरं सुदीक श्वास धरून बसायची. विरला की झाकायची वाद्यं आन मंग हळदकुंकू, मंग तळलेल्या गोड कडाकन्या.

त्या साली निजवायचा तुकडा मामांनी चिमीला दिला. चेलो आन ती, दोघंच. गानं त्यांनीच केलेलं, चार ओळींचं.

गज निजला, तार निजली,
आज्जाच्या कुशीत गानी निजली,
तू बी नीज की, मी बी निजते,
सा झाला की डोळं उघडते.

घरात गोड म्हनायची. पन मानसं दिसली की तोंड शिवल्यावानी गप. अक्का आली तरी गप. मंग मामांनी तिला जवळ घेतलं. मी तितंच बसून कडाकन्यांचं पीठ मळायलते, सगळं ऐकायलते.

"चिमे, डोळं मिटून म्हनायचं. मानसं दिसनारच न्हाईत. माजा सा येईस्तवर डोळं उघडायचं न्हाय. कायबी होऊ दे."

"उंदीर आला तर?"

"उंदराचं मी बघतो."

"आईनं हाक मारली तर?"

"तरी न्हाय."

"आन तुजा सा आलाच न्हाय तर, आज्जा?"

"तर वाट बघायची. आजपतुर कवा चुकवलाय का मी?"

ते बोलनं माज्या कानात असं बसलंय की पीठ मळायला घेतलं की आज बी ऐकू येतंय.

नवमीच्या सकाळी त्यांना घाम येयलता. घाम सगळ्यांनाच येयलता, तेवढ्यावर काय ओळखायचं. मला म्हनाले, पाठ चोळ जरा. मी चोळली. वन्सं आदल्या दिवशी पुन्यानं आलेल्या, त्या म्हनाल्या, "आण्णा, डॉक्टरकडे जाऊन येऊ या ना." तर म्हनाले, "डॉक्टर त्याची सुई पुजत बसला असंल. आज हत्याराला हात लावायचा न्हाय त्यानं." आमी हसलो. वन्सं बी हसल्या. ते हसनं त्यांना बी आठवत असंल, मला ठावं हाय.

दुपारी खोली भरली. आत्याचा तुकडा झाला, वन्संचं भांडन झालं, मानसं हसली, यांचा तबला झाला. मंग हे आतल्या खोलीत देवाम्होरं पूजेचं ताट लावायला गेले. वन्सं आमच्याकडं पाठ करून फिडल पेटीत ठेवायलत्या, गजाचे केस ढिल्ले करायलत्या. मामांनी चिमीला म्होरं घेतलं, तिच्या डोळ्यांवरनं हात फिरवला, तिनं मिटले. गज तारेवर ठेवला. पैली ओळ झाली. दुसरीत "गानी निजली" पाशी गज सुटला.

मानसांना वाटलं पोरीला एकटीला म्हनू दिलंय. तसं करायचे मामा कदी कदी.

मी परात खाली ठेवली. कुटं ठेवली ते आठवत न्हाय. भितीकडच्या बाजूनं सरकत त्यांच्या मागं गेले. मी मेंढरात वाढलेली हाय, मान कशी पडती ते ल्हानपनापासनं बघितलंय, जीव असलेल्या मानंत कसलातरी एक धागा ताठ असतोय. तो मला दिसंना. पन मानूस काय मेंढरू न्हवं. मला ठावं व्हतं का मला वाटलं व्हतं, हे मी आजपतुर ठरवू शकले न्हाय. नाकाशी हात धरला. वर पंखा जोरात फिरायलता, हाताला वारा लागायलता, पन कुनाचा वारा ते कळंना. ते उजवीकडं कलायला लागले तवा मी मागनं छाती लावून त्यांना धरलं. खिळा त्या खळग्यात बसलेला म्हनून चेलो हलला न्हाय, चेलोनं म्होरनं धरलं, मी मागनं.

आन चिमी, "तू बी नीज की, मी बी निजते."

मी तोंड उघडलं. वन्संच्या नावानं उघडलं. तवा पोरीच्या तोंडाकडं बघितलं. ती हसायलती. डोळं गच्च मिटलेले, पापन्या थरथरायलत्या, आन ती मानसांम्होरं गायलती, माजी लाजरी पोरगी, सगळ्या गल्लीम्होरं, एक सूर न चुकता. तिला कुनी सांगितलं व्हतं की तू डोळं मीट, बाकीचं मी बघतो.

चौथी ओळ झाली. "सा झाला की डोळं उघडते." आन गप. सगळी खोली गप. तीच ती रीत, कुनी हलंना, कुनी खोकंना, सगळे साची वाट बघायलेले. आता काई काई मानसांना दिसाय लागलं व्हतं, मी मामांच्या पाठीला चिकटलेली दिसाय लागले, सून सासऱ्याला अशी धरती व्हय? अक्कानं तोंडाला पदर लावला. पन रीत अशी बसलेली की साआदी कुनाचा आवाज निगंना. आन पोरगी हुबी. वाट बघायली.

मी त्यांच्या खांद्यावरनं हात खाली घातला, जाड तार घावली, रोज पुसायचे ती, आन अंगठ्यानं छेडली.

आमच्या माहेरी संध्याकाळी सगळी मेंढरं वाघरंत, म्हंजे जाळीच्या आवारात, बसली की सगळ्यात म्होरल्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा एकदा वाजती, तो मान टेकवतोय तवा. तसा आवाज आला. चेलो त्यांच्या छातीला, ते माज्या छातीला. तो सा त्यांच्यातनं माज्यात आला. मला हाडात लागला. विरेस्तवर मी हलले न्हाय. कुनीच हललं न्हाय.

चिमीनं डोळं उघडलं. आज्जाची मान दांडीवर टेकलेली, रोज टेकलेली असायची तशी. म्हनाली, "आई, आज्जा दमला?"

"व्हय बाळा, दमला. जा अक्कासंगं. शेळीला कडाकनी घालून ये."

अक्कानं तिला उचललं आन भायेर नेलं. पोरगी तिच्या खांद्यावरनं म्हनायली, "सा दिला बगा आज्जानं, उशिरा दिला पन दिला." मंग मी म्हनले, "वन्सं." नुसतं एवढंच. त्यांनी वळून बघितलं आन त्यांच्या हातातला गज पडला, तो मातर फरशीवर पडला, त्याचा आवाज झाला.

डॉक्टर आले गाडीवर. तपासलं, मनगट धरलं, डोळ्यात बॅटरी मारली. म्हनाले, "लगेच गेले असावेत." असावेत. त्या एका शब्दावर आमचं घर आजपतुर हुबं हाय, एका पायावर.

दिवस घातले. वन्सं दहाव्या दिवसापतुर माज्याशी बोलल्या न्हाईत. मंग नदीवरनं आल्यावर, मी चा दिला तवा, कप हातात घेऊन म्हनाल्या, "मंगल, मी तुला दोष देत नाहीये. फक्त एक सांग. गज पडला तेव्हा तू मला हाक का नाही मारलीस? मी चार हातांवर होते. आपण त्यांना आडवं केलं असतं, छाती दाबली असती. मला येतं ते, शाळेत शिकवलंय आम्हाला. तू सा दिलास. कशासाठी?"

मी म्हनले, "पोरगी वाट बघायलती वन्सं."

"आणि आण्णा? ते कशाची वाट बघत होते, तुला काय माहीत?"

 गानं संपायला उरलं व्हतं किती, दोन ओळी. दोन ओळींत मानूस वाचतोय का? कुनी म्हनतंय वाचतोय, कुनी म्हनतंय छे. मी इचारायचं सोडून दिलं, कारन दोन्ही उत्तरांनी रात्री झोप येत न्हाय.

हे काय म्हनाले सांगते. यांना सा ऐकूच गेला न्हवता, आतल्या खोलीत व्हते, आन तसला खालचा आवाज यांना येत न्हाय म्हनलं की. लई दिवसांनी, एकदा डबा भरायलते तवा मागं येऊन हुबे राह्यले आन म्हनाले, "सा लागला व्हता का गं बराबर?"

मी म्हनले, "लागला."

"झालं मंग," म्हनाले आन डबा घेऊन कामावर गेले. सायकल दारातनं भायेर काडताना मी बघितलं, उजव्या पायाचा अंगठा हलायलता.

चिमीला कुनी सांगितलं न्हाय. खरंच कुनी न्हाय. एवढी खोलीभर मानसं, गल्लीची पोरं, खिडकीतल्या बाया, सगळ्यांनी बघितलेलं, आन एकानं बी आजपतुर पोरीम्होरं तोंड उघडलं न्हाय. पोरगी मातर सगळ्यांना सांगत फिरायची, माज्या आज्जानं जाता जाता मला सा दिला. शाळेत सांगितलं, मामेभावाला सांगितलं, अक्काच्या शेळीला सांगितलं. त्या सावरच ती मोठी झाली असं मला वाटतंय. घाबरली की म्हनायची, डोळं मिटते, आज्जा बघतोय बाकीचं.

आता ती नववीला हाय. हात लांब झाले, चेलो झेपतोय. वन्सं सुट्टीत येऊन शिकवत्यात, मामांनी लिहून ठेवलेल्या वह्या न्हाईत का काय न्हाय, सगळे तुकडे वन्संच्या कानातच, त्या गुनगुनतात आन ही काडती. त्याच स्टुलावर बसती, खिळा त्याच खळग्यात. मधली सालं नवमीला आमी नुसती पूजा करायचो, वाजवायचो न्हाय. ह्या साली वन्संच म्हनाल्या, पुन्हा करू. फिडल, तबला, चेलो. आन शेवटाला निजवायचा तुकडा चिमी वाजवनार. वाजवायच्या आदी ती चार शब्द बोलनार हाय, आज्जाच्या शेवटच्या सावर. लिहून पाठ करायलीय. गल्ली येनार, तीच गल्ली.

वन्संचा फोन आला. त्या आता मऊ बोलत्यात माज्याशी, केस पिकले त्यांचे. म्हनाल्या, "मंगल, तिनं सगळ्यांसमोर ते बोलायच्या आधी तू सांग तिला. खोलीत एकटी तीच असेल जिला माहीत नाही." मंग म्हनाल्या, "किंवा नको सांगू. मला कळत नाही गं. तेव्हाही कळलं नव्हतं, उगाच तुला बोलले."

आज दुपारी मी कडाकन्यांचं पीठ मळायला बसले. चिमी म्होरच्या खोलीत, दार उघडं, मला दिसायलती. जाड तार छेडायली. परत छेडायली. मंग मला म्हनाली, तिकडनंच, "आई, आज्जा सा कशानं द्यायचा? पैल्या बोटानं ना?"

म्हनले, "व्हय."

"बोटाचा सा टनक येतोय. हा बघ." तिनं वाजवला. मामांचाच. माजा हात पिठात थांबला. "पन त्या दिवशीचा तसा न्हवता. मऊ व्हता. जाडसर. मी इतके दिवस तोच काडायला बघायले, घावतच न्हवता. आज घावला." तिनं परत छेडली, आन मला हाडात लागलं, पाठीला कुनीतरी टेकल्यावानी झालं. "अंगठ्याचा हाय तो. आज्जानं कवा अंगठा लावला न्हाय, शोभाआत्या बी म्हनती न्हाय. मंग त्या दिवशी का लावला असंल, आई?"

ती माज्याकडं बघंना. तार विरायलती अजून. तिनं डोळं मिटून घेतले, गाल दांडीला लावला आन गप बसून राह्यली, सा विरेस्तवर कुनी बोलायचं न्हाय ना आमच्यात. वाट बघायली.

मी उठून उंबऱ्याशी हुबी हाय, हात पिठाचे. अंगठा पदराआड घेतलाय, का घेतलाय मलाच कळंना. सांगितलं तर तिच्या आज्जाचा सा जातोय, न सांगितलं तर माजा. ती डोळं उघडायच्या आत मला कायतरी म्हनायचंय. तुमी असता तर काय केलं असतं, तेवढं सांगा. तवाचं बी, आन आत्ताचं बी.